आजीच्या महिन्याच्या मिस्सेत तीन मिनिटं बोलायचंय, काय बोलू?

सुकेळी
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमची आजी गेली. वय ९१. आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातले, कुपारी (तिथला एक कॅथलिक समाज). येत्या शनिवारी महिन्याची मिस्सा (देवळातला उपासनाविधी) आहे. ख्रिस्तप्रसादानंतर (मिस्सेत पवित्र भाकर देतात त्यानंतर) घरच्यांपैकी एकानं दोन-तीन मिनिटं बोलावं असं फादरांनी सुचवलंय, आणि घरच्यांनी एकमतानं मला पुढं ढकललंय. कारण काय, तर "तूच काहीबाही लिहीत असतोस."

काकानं व्हॉट्सअ‍ॅपवर मसुदा पाठवलाय: "प्रेमळ, मायाळू, सोशिक, देवभीरू आदर्श माता." यातलं देवभीरू तेवढं खरं. आजी सोशिक नव्हती, तिच्या सहवासात बाकीचे सोशिक झाले. आजोबा गेले तेव्हा ती पस्तिशीची, पदरात सहा पोरं. पहाटेच्या विरार गाडीनं मोगरा आणि तगर घेऊन दादरला जायची, दहा-अकराला परत, मग वाडीत केळीला पाणी. सहाही पोरं शिकली. त्याचबरोबर घरात कोणी काय शिकायचं, कुणाशी लग्न करायचं, नाताळला कुणाला किती इंद्याल (आमचं डुकराचं मटण) वाढायचं, हे सगळं तीच ठरवायची. शेजारच्या जावेशी बांधावरून भांडण झालं ते चाळीसेक वर्षं चाललं. मिस्सेत शांतीचा नमस्कार करायची वेळ आली की आजी पुढं, मागं, डावीकडं नमस्कार करायची. उजवीकडं जाऊ बसलेली असायची.

हे सगळं देवळात बोलावं का? की काकाचा मसुदा वाचून खाली बसू?

मोरपिशी
आजींना श्रद्धांजली. उजवीकडचा नमस्कार वाचून हसले, क्षमस्व.

पेठेतला_पाहुणा
भावपूर्ण श्रद्धांजली. अज्ञान म्हणून विचारतो, महिन्याची मिस्सा म्हणजे आमच्या मासिक श्राद्धासारखं का? आणि आमच्याकडे गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलू नये असा दंडक आहे. तेराव्याला कुणी उठून "आजी खाष्ट होती" म्हणालं तर पंगतीतून उठवतील. काकांचा मसुदा वाचा आणि मोकळे व्हा.

घंटानाद
आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी गायनवृंदात आहे, त्यामुळे बरीच मयतं जवळून बघितलीत. दोन गोष्टी.

पाहुणे, श्राद्धाशी साम्य आहे तसा फरकही आहे. कुणी गेलं की दफनाच्या दिवशी मिस्सा होते, पुढं सातव्या दिवशी, महिन्यानं, वर्षानं. शिवाय २ नोव्हेंबर हा सगळ्याच मृतांचा दिवस. त्या दिवशी दफनभूमीत एकही थडगं फुला-मेणबत्तीशिवाय दिसत नाही. या सगळ्यामागं एकच समजूत आहे: गेलेला माणूस थेट देवापुढं उभा राहण्याइतका स्वच्छ असेलच असं नाही, त्याला शुद्धिस्थानातून जावं लागतं आणि तिथं आपली प्रार्थना त्याच्या कामी येते.

आता सुकेळी, तुमच्या काकांच्या मसुद्याची अडचण बघा. आजी सर्वगुणसंपन्न होती, ती थेट स्वर्गात गेली, असं माइकवरून जाहीर केलं तर मग मिस्सा कशासाठी ठेवलीय? चर्चचा नियमही याच बाजूचा आहे. अंत्यविधीच्या मिस्सेतलं प्रवचन हे प्रवचनच असावं, मृताचं गुणगान नसावं, असं मिस्साग्रंथाच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय. घरच्यांना दोन शब्द बोलायला मुभा आहे, पण ती वेगळी, शेवटच्या निरोपाच्या प्रार्थनेआधी. तुम्हाला मिळालेली जागा त्याच जातीची. तेव्हा माणूस होती तशी सांगा. शेवटी "तिच्यासाठी प्रार्थना करा" म्हणा. ते म्हणायला कारण तरी उरेल.

पेठेतला_पाहुणा
हे मला नवीन आहे. म्हणजे दोष सांगणं इथं शास्त्राला धरून आहे तर!

जालना_पॅसेंजर
आम्ही प्रॉटेस्टंट, त्यामुळे शुद्धिस्थान वगैरे आम्हाला मान्य नाही. माणूस गेला की त्याचा हिशेब देवाकडं, आपल्या प्रार्थनेनं त्यात फेरफार होत नाही. आमच्याकडची उपासना मागं राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी असते. पण गंमत अशी की आमच्याही उपासनेत प्रत्येक बाई "प्रेमळ, कष्टाळू, प्रार्थनाशील" असते. सिद्धांत वेगळे असले तरी काका सगळीकडं एकच.

विरार_फास्ट
"सिद्धांत वेगळे असले तरी काका सगळीकडं एकच." हे मी उद्या ऑफिसात वापरणार.

तेरेखोल_पलीकडे
माझी वडलीमाय (आजी) गोव्यातल्या बार्देशची. रोज सातला तेर्स (जपमाळेची प्रार्थना). त्या वेळी दारात कुणीही आलं, अगदी वीजबिलवालाही, तर त्याला गुडघे टेकायला लावायची. तेर्स संपला की लहान-मोठ्या सगळ्यांनी हात जोडून बेसांव (आशीर्वाद) मागायचा, मगच जेवण. ज्याच्यावर राग असेल त्याला बेसांव मिळायचा, पण डोळ्यांत न बघता.

२००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जपमाळेत प्रकाशाची पाच रहस्यं (येशूच्या आयुष्यातले चिंतनाचे प्रसंग) वाढवली, गुरुवारी म्हणायची. वडलीमायनं ती शेवटपर्यंत मान्य केली नाहीत. म्हणायची, पंधरा होती तेव्हा कुणाचं काही अडलं होतं का? पाद्री घरी आले की मात्र गुरुवारी नवी रहस्यं म्हणायची, खणखणीत आवाजात. तिच्या मयताला मी हीच गोष्ट सांगितली. पाद्री सगळ्यात जास्त हसले.

दवाखान्यातली_ताई
मी परिचारिका. आमच्या वॉर्डात वयस्क कॅथलिक बायका पुष्कळ येतात. नातेवाईक फादरांना बोलवायला घाबरतात, कारण आजीला वाटतं फादर तेल घेऊन आले म्हणजे आपलं तिकीट कन्फर्म. हे भय जुन्या काळातलं. पूर्वी तो आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार अगदी मरणाच्या दारात द्यायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (साठच्या दशकातली, चर्चमध्ये बदल घडवणारी) दृष्टी बदलली आणि १९७२ साली नवा विधी आला. आता गंभीर आजारी किंवा वार्धक्यानं थकलेल्या कुणालाही तो घेता येतो आणि पुन्हा पुन्हा घेता येतो. एक आजी तो घेऊन बऱ्या झाल्या, घरी गेल्या, पुढच्या पावसाळ्यात परत आल्या आणि फादरांना म्हणाल्या, "मागच्या वेळचं तेल चांगलं होतं, तेच आणलंय ना?"

सुकेळी, शेवटच्या दिवसांत आजी शुद्धीवर होत्या का? त्या दिवसांतलं काही असेल तर तेही सांगा. लोकांना ते ऐकायचं असतं, पण विचारायला धजत नाहीत.

सुकेळी
@दवाखान्यातली_ताई, होती. घरीच गेली. शेवटचे दोन दिवस मराठी जवळजवळ बंद झालं होतं, बोलायची ती नुसती कादोडीत (आमची कुपारी बोली), आणि प्रार्थना लॅटिनमध्ये. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, अर्थ कळायचा नाही, पण सगळी पाठ. परिषदेनंतर मराठी आली तेव्हा तिला म्हणे फार आवडली नव्हती. "देवाला सगळं कळायला लागलं तर मग आपण काय बोलायचं?" हे तिचं वाक्य घरात अजून चालतं.

आणि उपास! ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून काही खायचं नाही ही तिच्या लहानपणीची रीत. ती १९५७ मध्ये तीन तासांवर आणि १९६४ मध्ये एक तासावर आली, पण आमच्या घरात आलीच नाही. मधुमेह झाल्यावर डॉक्टर ओरडले तेव्हा फादरांनी तिला घरी येऊन चहा प्यायला लावला. तो चहा तिनं त्यांच्या आज्ञेवरून प्यायला, पण चेहरा असा की जणू एरंडेल.

कावळा_बसला
जावेचं काय झालं ते सांगा आधी. मयताला आली का?

सुकेळी
आली. लाल लुगडं नेसून, नातवाचा हात धरून. पेटीजवळ बराच वेळ उभी राहिली, मूठभर माती टाकली, रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या माडाची वाळलेली झावळी आमच्या बाजूला पडलेली सापडली. वारा नव्हता.

कावळा_बसला
परंपरा जिवंत आहे.

मोरपिशी
लाल लुगड्यावरून आठवलं. आमच्या शेजारच्या काकूंना पेटीत काय नेसवायचं यावर मुली-सुनांचं भांडण झालं होतं. मुली म्हणाल्या पांढरा गाऊन, सुना म्हणाल्या जन्मभर लुगडं नेसली, आता गाऊन कशाला. काकूंनी कपाटात आधीच घडी घालून लुगडं ठेवलं होतं, वर डांबरगोळ्या. वाद मिटला.

भाकरी_करपली
आजीबाई असंच करतात. माझ्या आत्येसासूनं (त्या मुंबईच्या, ईस्ट इंडियन, म्हणजे तिथल्या मूळच्या ख्रिस्ती) बिस्किटांच्या डब्यात पैसे साठवले होते आणि वर चिठ्ठी: "तीस मिस्सा." ग्रेगोरियन मिस्सा म्हणतात त्याला. एका मृतासाठी सलग तीस दिवस, एकही खंड न पडता. पोप ग्रेगरी द ग्रेट यांच्या नावावरून, म्हणजे सहाव्या शतकाअखेरची प्रथा. धर्मग्रामातल्या फादरांना महिनाभर एकाच नावानं मिस्सा अर्पण करणं जमत नाही, म्हणून मठात द्याव्या लागल्या. नोटांमध्ये बंद झालेल्या पाचशेच्याही होत्या.

जालना_पॅसेंजर
वाईट वाटून घेऊ नका, पण पैसे देऊन प्रार्थना हे आम्हाला खटकतं ते इथंच.

घंटानाद
@जालना_पॅसेंजर, खटकणं समजू शकतो, सोळाव्या शतकात बऱ्याच लोकांना खटकलं होतं. पण ते मिस्सेचं मोल म्हणून नसतं, दान असतं. फादरांनी दिवसात कितीही मिस्सा केल्या तरी एकाच मिस्सेचं दान स्वतःकडे ठेवता येतं, आणि गरिबाकडून काही न घेताही मिस्सा अर्पण करावी असं धर्मसंहितेतच म्हटलंय. ती म्हातारी पैसे देऊन स्वर्ग विकत घेत नव्हती. आपण गेल्यावर पोरं आपल्याला विसरतील अशी तिला खात्री होती, म्हणून तिनं आधीच तजवीज केली.

भाकरी_करपली
आणि ती खात्री बरोबर होती हो. डबा सापडला तोच भंगार काढताना.

सात_बारा
विषयांतर करतो, पण कुणीतरी करायलाच हवं. वाडी कुणाच्या नावावर आहे? वसईत गुंठ्याचा भाव बघता महिन्याच्या मिस्सेनंतरची पहिली सभा याच विषयावर होते. ख्रिस्ती माणसाला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. विधवा बाई मृत्युपत्र न करता गेली तर मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा. आधीच वारलेल्या मुलाचा वाटा त्याच्या मुलांना. मुलींकडून "भावाला दे गं, तुझं लग्न झालंय" म्हणून हक्कसोडपत्रावर सही घेतात, तेव्हा आत्यांना सांगा की वाचून, विचार करून सही करा.

सुकेळी
आजीनं मृत्युपत्र केलंय, नोंदणीसकट. सहा भाग, तीन आत्यांना तीन. काकाला अजून सांगितलेलं नाही, तो मसुदा लिहितोय.

विरार_फास्ट
आता कळलं "सोशिक" कुणासाठी लिहिलंय.

समुद्रकाठ
दफन झालं हे भाग्य समजा. माझी आजी एप्रिल २०२० मध्ये मुंबईत गेली. त्याआधी मार्चअखेर करोनानं गेलेल्या सगळ्यांचं दहनच करायचं असं परिपत्रक निघालं होतं आणि काही तासांतच बदललं होतं. मे महिन्यात उच्च न्यायालयानं दफनाला हरकत नाही असा निकाल दिला. आमचा काळ मधला, कुणालाच काही नीट ठाऊक नव्हतं. आम्ही दहन केलं. घरातल्या मोठ्यांना फार लागलं, जणू आजीला परधर्मात दिलं.

खरं तर १९६३ पासून चर्चला दहन चालतं. अट एवढीच की पुनरुत्थान नाकारण्यासाठी ते केलेलं नसावं. २०१६ च्या सूचनेत अस्थी घरात ठेवू नयेत, उधळू नयेत, वाटून घेऊ नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात असं सांगितलंय. हे सगळं मी नंतर वाचलं आणि आईला वाचून दाखवलं. अस्थी आता दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात आहेत, मावशी दर महिन्याला तिथली काच पुसते. बोलायला मात्र आम्हाला कुणी दिलं नाही, मिस्साच नव्हती. सुकेळी, तुमच्याकडे तीन मिनिटं आहेत. काकाच्या चार विशेषणांत घालवू नका.

तिसरी_सून
बराच वेळ वाचतेय, आता लिहितेच. इथं सगळ्यांना करारी म्हाताऱ्या फार गोड वाटताहेत. नातवंडांना वाटतातच. मी अशाच एका घरात एकवीस वर्षं सून आहे. आमच्याही सासूबाईंनी फुलं विकून पोरं वाढवली, मान आहेच. पण डब्यातली साखर मोजून ठेवायच्या. माहेरी जायचं तर विचारायचं, आणि विचारलं की "बघू." त्या गेल्या तेव्हा सगळे म्हणाले, काय बाई होती! होतीच. आम्ही मेलेलो होतो का?

सुकेळी, तुम्ही लिहिलंय, कोणी काय शिकायचं ते आजी ठरवायची. ते वाक्य तुम्ही विनोदात घातलंय. तुमच्या आईला विचारा, तिलाही ते विनोदी वाटतं का. माइकसमोर नातू उभा राहणार, पण पहिल्या बाकावर सुना बसलेल्या असतील.

मोरपिशी
+१. हे लिहिणं गरजेचं होतं.

पेठेतला_पाहुणा
तिसऱ्या सूनबाई, पटलं. पण मग ते देवळात बोलणार कसं? गुणगान नको म्हणता, दोष सांगितले तर ती तक्रार होते, आणि गमतीत सांगितलं तर सुनांवर अन्याय. उरलं काय?

घंटानाद
प्रसंग उरतात की. विशेषण लावू नका, बाई काय करायची तेवढं सांगा. ऐकणारा आपापला निवाडा करतो. जाऊ एक करेल, सून दुसरा.

तेरेखोल_पलीकडे
आणि एखादा प्रसंग तरी असा घ्या की ज्यात कुटुंब नाही. बायका घराबाहेरही असतात. आजी गावात काय होती?

सुकेळी
@तेरेखोल_पलीकडे, हे सुचलंच नव्हतं. नव्वदच्या दशकात टँकरनं पाणी उपसून विहिरी खारट व्हायला लागल्या, तेव्हा फ्रान्सिस दिब्रिटो फादर हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन चालवत होते (तेच, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष). आजी मोर्च्याला गेली होती. भाषणं तिला कळली नाहीत असं तीच सांगायची, पण बावखलातलं (गोड्या पाण्याच्या तळ्यातलं) पाणी आटलं की वाडी जाते हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या मोर्च्यात ती आणि जाऊ एकाच रांगेत होत्या. बोलल्या नाहीत म्हणे.

@तिसरी_सून, आईशी काल रात्री बोललो. ती आधी "जाऊ दे रे" म्हणाली. मग भांडी घासता घासता सांगितलं. लग्नाच्या वेळी तिचं डीएडचं एक वर्ष राहिलं होतं. आजीनं पूर्ण करू दिलं नाही, वाडीत माणूस हवं होतं. आई शिक्षिका झाली नाही. हे मला माहीतच नव्हतं, इतकी वर्षं एका घरात राहून. पुढं माझ्या बहिणीला नर्सिंगला जायचं होतं, बाबा पैशांवरून टाळाटाळ करत होते, तेव्हा आजीनं गळ्यातलं काढून दिलं आणि म्हणाली, "एकीचं मी अडवलं होतं, दुसरीचं अडवायचं नाही." हे ती आईसमोर बोलली. माफी अशी कधी मागितली नाही.

आईला विचारलं, यातलं काय सांगू? ती म्हणाली, सांगायचं तर दोन्ही सांग, नुसतं गळ्यातलं सांगू नकोस.

तिसरी_सून
तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

दवाखान्यातली_ताई
आणि बहिणीलाही. कुठल्या वॉर्डात आहे?

सुकेळी
अतिदक्षता. शेवटचे दोन दिवस आजीकडे तीच बघत होती.

घंटानाद
मग तुमचं भाषण तयार आहे. फुलांची गाडी, डीएड, गळ्यातलं, मोर्चा. बांधाचं ठेवायचं की नाही ते जावेला विचारून ठरवा.

सुकेळी
विचारलं. आईला पाठवलं होतं, मला धीर नव्हता. जाऊ म्हणाली, "सांग की. पण बांध माझा होता, हेही सांग."

सात_बारा
मोजणीचा नकाशा आहे का कुणाकडे?

विरार_फास्ट
सात_बारा, तुम्हाला शनिवारी माइकजवळ येऊ द्यायचं नाही असा ठराव मांडतो.

कावळा_बसला
अनुमोदन. सुकेळी, एक व्यवहाराचं: जुन्या देवळांत आवाज घुमतो, दर वाक्यानंतर थांबा. घरी घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघा, तीन मिनिटांत साधारण साडेतीनशे शब्द बसतात. आणि कागद काकाच्या हाती आधी देऊ नका.